गावच्या वाचनालयांतल्या सेवकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण: काय ठेवायचं, काय गाळायचं?

मार्कंडेय_काठ
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या गावच्या मराठी वाचनालयांत काम करणाऱ्या तीसेक सेवकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरतंय. ग्रामपंचायत ग्रंथालयांचे पाच-सहा पर्यवेक्षकही येणार आहेत. ते मराठी बोलतात, पण त्यांचं लिहिणं-वाचणं कन्नडात. जागा हायस्कूलच्या संगणक कक्षात. यंत्रं दहा, इंटरनेट असून नसल्यासारखं.

कार्यकारिणीने हाती दिलेली यादी: वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं), कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर), बारकोड, ई-पुस्तकं, बालवाचक उपक्रम, स्पर्धा परीक्षा कोपरा, समाजमाध्यमं आणि शेवटी 'ग्रंथपालाचं व्यक्तिमत्त्व'. प्रत्येकी पाऊण तास. मला हे झेपेलसं वाटत नाही, पण काय गाळायचं ते सकारण सांगावं लागेल. बहुतेक वाचनालयांत दोन ते सहा हजार पुस्तकं आहेत, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ठेवलेली नोंद) हाताने लिहिलेली. काही ठिकाणी जुनी यादी संगणकावर आहे, पण ती उघडली की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो.

दाखल_नोंद
पाऊण तासाची नऊ व्याख्यानं म्हणजे पी हळद नि हो गोरी. व्यक्तिमत्त्व आणि समाजमाध्यमं आधी उडवा. कारण विचारलं तर सांगा की या दोन्हींत यंत्रावर हाताने करून बघण्यासारखं काही नाही, आणि दहा यंत्रं मिळालीत ती करून बघण्यासाठीच.

त्याहून महत्त्वाचं, दोन दिवस लागोपाठ ठेवू नका. मधे तीन आठवडे सोडा. पहिल्या दिवशी नोंद कशी करायची ते शिकवायचं, मधल्या काळात प्रत्येकाने आपल्या वाचनालयाच्या शंभर पुस्तकांच्या नोंदी करून आणायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच नोंदींवर काम करायचं. लागोपाठ घेतलं तर दुसऱ्या दिवशीही तुम्ही नमुन्याची तीच पाच पुस्तकं फिरवत बसाल. खऱ्या अडचणी (शीर्षकाचं पान नसलेलं पुस्तक, दोनदा दिलेला दाखल क्रमांक, 'भाग २' आहे पण भाग १ नाही) आपल्या कपाटापुढे उभं राहिल्याशिवाय दिसत नाहीत.

पहिल्या दिवसाला येताना प्रत्येकाने दाखल नोंदवहीच्या कुठल्याही दोन पानांचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि दहा पुस्तकं आणावीत. दहांत किमान एक कन्नड, एक अनुवादित आणि एक दिवाळी अंक हवाच. निमंत्रणातच लिहा, आयत्या वेळी सांगून कुणी आणत नाही.

खिचड्याबद्दल. ती यादी जुन्या फॉन्टमधली आहे, श्रीलिपी किंवा शिवाजी, आणि कन्नड भाग असेल तर नुडी. ओळखायची सोपी खूण अशी: मजकूर निवडून फॉन्ट बदलून मंगल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारं अक्षरांचं प्रमाण), रोमन अक्षरं झाली तर जुना फॉन्ट. असा मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये येतो, पण आला म्हणून झालं नाही. तीन जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात: रफार, ऱ्हस्व इकार (जुन्या फॉन्टांत तो अक्षराच्या आधी टाइप होतो, म्हणून चुकून शेजारच्या अक्षराला चिकटतो) आणि 'ळ'. आपल्याकडे 'ळ' असलेली नावं कमी नाहीत, सांबऱ्यापासून खानापुरापर्यंत कुठल्याही सभासद यादीत माळ, मळा सापडतोच. त्यामुळे पुस्तकांच्या यादीबरोबर सभासदांची यादीही तपासा.

आणि टंकन इनस्क्रिप्टनेच (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) शिकवा. कीबोर्डावर चिकटवायच्या अक्षरांच्या पट्ट्या मिळतात, त्या दहाही यंत्रांना लावा. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणारी साधनं पटकन जमतात हे खरं, पण 'न' की 'ण', 'ल' की 'ळ' हे ती अंदाजाने ठरवतात आणि पुस्तकाचं नाव चुकतं. इनस्क्रिप्टचा मोठा फायदा इथल्यासाठी वेगळाच आहे. कन्नड इनस्क्रिप्टमध्येही 'क' त्याच कळीवर असतो जिथे मराठीत असतो. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा येतात, तुमच्या पंचायतवाल्या पर्यवेक्षकांना वेगळा वर्ग नको.

तीन_हजार_पुस्तकं
मुळात तीन हजार पुस्तकांना कोहा हवंच कशाला? सॉफ्टवेअर उत्तम आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० पासून जगभर चालतंय, फुकट आहे, हे सगळं मान्य. पण ते लिनक्सवर चालतं आणि त्याला सांभाळणारा माणूस लागतो. गावचं वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप काढतं खरं, पण यंत्र रात्री बंद असेल तर काय काढणार? शिवाय मूळ मांडणीत ते दोनच दिवसांचे बॅकअप ठेवतं, तेही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेले.

मी म्हणतो, लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये एक तक्ता करा. रकाने पहिल्या दिवशी सगळ्यांचे एकसारखे ठरवा आणि पुन्हा बदलू नका: दाखल क्रमांक, शीर्षक, उपशीर्षक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, वर्ष, पृष्ठे, किंमत, भाषा, मूळ भाषा, वर्गांक (विषयवार मांडणीसाठीचा क्रमांक), कपाट, शेरा. नंतर कोहात जायचं झालं तर मार्कएडिट या मोफत साधनात तक्त्याचे रकाने मार्कच्या (ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला साचा, कोहा तोच वापरतं) रकान्यांना जोडून सगळी यादी एकदम नेता येते. आज केलेलं काम वाया जात नाही.

लेखकाचं नाव आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा. 'पाटील, आ. बा.' हे एका वाचनालयात आणि 'आ.बा. पाटील' हे दुसऱ्यात राहिलं की एकत्र यादी करताना संगणकाला ती दोन माणसं वाटतात.

दाखल_नोंद
तक्त्याचं म्हणणं रास्त आहे, दोन हजारवाल्यांनी तक्त्यावरच थांबावं. पण सहा हजारवाल्यांची देवघेव तक्त्यावर रेटत नाही. एकच पुस्तक दोघांच्या नावावर चढतं आणि तक्ता गप्प बसतो, कोहा अडवतं. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना तक्ता, दुसऱ्या दिवशी दोन गट करा, एक तक्त्याचा, एक कोहाचा.

तक्त्यातले दोन खड्डे आधीच दाखवून द्या. एक, एक्सेलमध्ये साधा 'सीएसव्ही' प्रकार निवडून जतन केलं तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्यायचा. दोन, तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) घातला की रकाना '९.७८ई+१२' दाखवतो, आणि दाखल क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर शून्य खाऊन टाकतो. आकडे भरण्याआधीच तो रकाना 'मजकूर' प्रकारचा करावा. भरल्यानंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

कोहा गटासाठी इंटरनेट लागत नाही. आठ जीबी रॅमच्या एका लॅपटॉपवर कोहा आधी बसवून आणायचं, साध्या राउटरने दहा यंत्रं जोडायची, शक्य तितकी वायरने. बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. लॅपटॉपला पत्ता कायमचा नेमून द्या, नाहीतर वीज जाऊन आली की राउटर नवा पत्ता देतो आणि दहा जण 'पान सापडत नाही' म्हणून हात वर करतात. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका, गरम होताना तो एकदम भार ओढतो आणि सगळ्या यंत्रांना खाली बसवतो.

मराठी शोध लागत नाही ही तक्रार कोहात हमखास येते. त्याच्या झेब्रा या शोधयंत्रणेची मूळ मांडणी रोमन लिपीची आहे. तिला आयसीयू ही इतर लिप्याही ओळखणारी पद्धत लावून पूर्ण अनुक्रमणी पुन्हा करावी लागते. हे प्रशिक्षणार्थींना शिकवायचं नाही, बसवणाऱ्याने आदल्या आठवड्यात करून, एक मराठी आणि एक कन्नड शब्द शोधून बघायचा.

अनुवादांवर मात्र अर्धा तास द्याच. कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद कुठे ठेवायचा यावर आपल्याकडे जितका वाद होतो तितका पुण्यात होणार नाही. ड्यूई या दशांश वर्गीकरण पद्धतीप्रमाणे साहित्याचा वर्गांक मूळ भाषेवरून ठरतो. मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३, कन्नड कथा-कादंबरी ८९४.८१४३. म्हणजे अनुवाद मराठीत असला तरी वर्गांक ८९४.८१४३. पण वाचक तो मराठी कादंबऱ्यांच्या कपाटापाशीच शोधणार. तोडगा सोपा आहे: वर्गांक नियमाप्रमाणे द्या आणि 'कपाट' या रकान्यात मराठी कादंबरी लिहा. कोहात मार्कच्या ०४१ या भाषेच्या रकान्याचा पहिला दर्शक १ ठेवायचा (म्हणजे अनुवाद), ए उपरकान्यात मराठीचा तीन अक्षरी कोड, एच उपरकान्यात कन्नडचा. मग 'कन्नडमधून मराठीत आलेली पुस्तकं' ही यादी एका शोधात निघते, आणि अशी यादी मागणारे वाचक आपल्याकडे आहेत.

मलप्रभा
तंत्रज्ञानावर सगळे तुटून पडलेत, उपक्रमांचं कोण बघणार? दुसऱ्या दिवशी जेवणाआधीचे दीड तास मला द्या म्हणून सांगा कार्यकारिणीला.

बालवाचकांचा उपक्रम म्हणून निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा सोडून काही शिकवा. स्पर्धेला शाळेतली ठरलेली पाच मुलं येतात, बक्षीस घेतात, जातात. मोठ्याने वाचनाचा तास वेगळा. बारा ते पंधरा मुलं, त्यापेक्षा जास्त नकोत, मागच्यांना चित्र दिसत नाही. पुस्तक सोळा ते चोवीस पानी, एका पानावर चार ओळींच्या वर मजकूर नसावा. वाचणाऱ्याने ते आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून ठेवायचं. पुस्तक छातीपाशी धरून वाचायचं नाही, खांद्याच्या उंचीवर बाजूला धरायचं आणि पान उलटण्याआधी तीन सेकंद थांबायचं. प्रशिक्षणात प्रत्येकाने दोन पानं वाचून दाखवावीत, बाकीच्यांनी मुलं व्हावं. हसतील, हसू दे.

इथली खरी अडचण अशी की घरी मराठी बोलणारी पुष्कळ मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. देवनागरी त्यांना येते ती हिंदीच्या तासातून. म्हणून ती अडतात कुठे ते बघा: 'चमचा'तला च हिंदीसारखा वाचतात, 'जवळ'चं 'जवल' होतं, 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' दिसलं की थांबतात. अशा मुलाला वर्गात वाचायला लावून चूक काढली की ते पुन्हा येत नाही. सेवकाने ओळ वाचायची, मुलांनी मागून म्हणायची, बोट शब्दाखाली फिरत राहिलं पाहिजे. तीन-चार आठवड्यांत 'ळ' बसतो.

दोन्ही भाषांत एकच गोष्ट मिळाली तर सोन्याहून पिवळं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड गोष्टी मोफत आहेत, उतरवून घेऊन छापायलाही परवानगी आहे, मात्र लेखक-चित्रकारांची नावं असलेलं पान छापायचंच. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही दोन्ही भाषांत आहे. पंचायतवाल्या पर्यवेक्षकाने कन्नड पान वाचावं, तुमच्या सेवकाने तेच पान मराठीत. पंचायत ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रामीण विकास आणि पंचायत राज खात्याकडे गेल्यापासून तिथे मुलांवर बराच भर आहे, त्यांच्याकडून मुलांच्या नावनोंदणीची पद्धत शिकण्यासारखी आहे. त्यांना मागच्या बाकावर बसवू नका.

ई-पुस्तकांना पाऊण तास नको, वीस मिनिटं पुरेत. मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. तिन्ही प्रत्येकाच्या मोबाइलवर उघडून द्या आणि मंडळाचं एक पुस्तक उतरवून दाखवा. जागेवर इंटरनेट नाही म्हणता, तर चार-पाच पुस्तकं पेनड्राइव्हवर आणा.

सेवेचा एक भाग यादीत नाहीच, तो घाला. गावातला माणूस वाचनालयात येऊन विचारतो, 'जरा उतारा काढून दे की.' भूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावरचा उतारा कन्नडात, सेवासिंधू या सरकारी सेवांच्या संकेतस्थळावरचे अर्ज कन्नड-इंग्रजीत. सेवकाने संकेतस्थळ उघडून द्यावं, कुठल्या रकान्यात काय हे वाचून सांगावं. पण ओटीपी त्या माणसानेच टाकायचा, आधारची प्रत वाचनालयाच्या यंत्रावर ठेवायची नाही, ब्राउझर खाजगी खिडकीत उघडायचा आणि जाताना 'डाउनलोड' फोल्डर रिकामं करायचं. या चार गोष्टी एका कागदावर मराठी-कन्नड दोन्हींत छापून यंत्राशेजारी लावा.

मार्कंडेय_काठ
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांचं अंतर कार्यकारिणीला पटलंय. दोन शंका. तक्त्यात 'दुसऱ्या' शब्द शोधला तर काही नोंदी सापडतात, काही नाहीत, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आणि बारकोड शिकवायचा की नाही?

दाखल_नोंद
तो 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. कुठल्या कीबोर्डावर टाइप केलं त्यावर ठरतं. डोळ्यांना फरक नाही, कॅल्कच्या शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच, काही जण ते एक अक्षर म्हणून लिहितात, काही जण 'अ'वर चंद्र देऊन. 'ॲड.'ने सुरू होणारी लेखकांची नावं त्यामुळे दोन गठ्ठ्यांत विभागतात.

उपाय: न सापडणाऱ्या नोंदीतून 'र्‍य' एवढंच कापून 'शोधा'च्या चौकटीत चिकटवा, 'बदला'च्या चौकटीत सापडणाऱ्या नोंदीतला 'ऱ्य' चिकटवा आणि सगळीकडे बदला. 'ऱ्ह'साठी पुन्हा एकदा. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. अदृश्य चिन्ह सरसकट पुसून टाकू नका. 'र्‍य'मधून ते गेलं की रफार होतो आणि 'दुसर्‍या'चा 'दुसर्या' होऊन बसतो.

जुनं_कपाट
बारकोड दुसऱ्या दिवशी, फक्त कोहा गटाला. तक्तावाल्यांना त्याचा उपयोग नाही.

बारकोडात देवनागरी आकडे बसत नाहीत. नोंदवहीत '४५१२' मराठीत असलं तरी तक्त्यात आणि लेबलवर इंग्रजी आकडेच. ए-४ कागदावर ६५ लेबलं येतात ती घ्या, एकेक ३८.१ बाय २१.२ मिलिमीटरचं. प्रकार कोड १२८ निवडा. बऱ्याच ठिकाणी सवयीने कोड ३९ वापरतात, पण सहा आकडी क्रमांक त्यात लेबलच्या जवळपास पूर्ण रुंदीला जातो, दोन्ही कडांना लागणारी कोरी जागा उरत नाही आणि स्कॅनर नुसताच लाल दिवा फेकत राहतो. कोड १२८ निम्म्या जागेत बसतो.

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद, आकार १०० टक्के. आधी साध्या कागदावर छापा, तो लेबलच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. पहिल्या ओळीत एक मिलिमीटर सरकलं असेल तर ते चालतं, तेराव्या ओळीपर्यंत ते वाढत जात असेल तर आकार चुकलाय. इंकजेट नको, खानापूरकडच्या पावसाळी हवेत शाई पसरते. वरून सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून सुटते आणि लेबलचं कातडं सोबत नेते, पुस्तकांना घालायचं पारदर्शक वेष्टन लावा. एक लेबल मलपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात, तसंच दुसरं आत शेवटच्या पानावर. बाहेरचं घासून गेलं तरी आतलं राहतं.

स्कॅन केल्यावर भलतीच अक्षरं आली तर स्कॅनरला दोष देऊ नका. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी एक कीबोर्डच. लेबलवर रोमन अक्षरं असतील आणि यंत्र त्या वेळी मराठी कीबोर्डावर असेल, तर ती देवनागरीत उमटतात. म्हणून लेबलवर नुसते आकडेच ठेवावेत, वाचनालयाचं संक्षिप्त नाव बारकोडात न घालता वर साध्या अक्षरांत छापावं, आणि स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा.

तीन_हजार_पुस्तकं
तारखांचं एक. जानेवारीतले रविवार धरू नका, कडोली, उचगाव, येळ्ळूर कुठे ना कुठे संमेलन असतं आणि आपले निम्मे सेवक तिथे खुर्च्या मांडत असतात. १ नोव्हेंबरही टाळा, राज्योत्सव आणि काळा दिन एकाच दिवशी. १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन म्हणून मोह होईल, पण तेव्हा खानापूरकडच्यांना पावसातून यायचं असतं. आणि वेळ साडेदहा ते साडेतीनच. पाचला त्यांना आपापल्या वाचनालयाचं कुलूप उघडायचं असतं.

बोलावलेला तज्ज्ञ कोल्हापूर-पुण्याकडचा असेल तर त्याचं सादरीकरण आधी बघून घ्या. ग्रंथालयांची अ-ब-क-ड वर्गवारी आणि तिचे तपासणी नमुने महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यातले, आपण १९६५ च्या कर्नाटक कायद्याच्या हद्दीत. ते नमुने भरायला शिकवण्यात गेलेला तास फुकट.

मार्कंडेय_काठ
डिसेंबरचा पहिला आणि चौथा शनिवार धरतोय. निमंत्रणात दहा पुस्तकं आणि नोंदवहीचे फोटो लिहिलेत. मलप्रभा, चार नियमांचा तो कागद कन्नडात तपासून द्याल का?

मलप्रभा
देते की. मराठी मजकूर आधी पाठवा, आणि 'ओटीपी स्वतः टाका' ही ओळ सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत घ्या.